तांबं आणि ॲल्युमिनिअम एकाच हातोडीखाली : दोन वाट्यांच्या कामाची नोंद

ठोकाठोकी नव्याने सुरू करणाऱ्याला आपल्यातला जवळजवळ प्रत्येक जण एकच सल्ला देतो : तांबं महाग आहे, आधी ॲल्युमिनिअमवर हात बसव. या खेपेला तो सल्लाच तपासायला घेतला. एका मापाच्या दोन चकत्या, तोच ओंडका, त्याच हातोड्या, दोन खोलगट वाट्या. काम मठारापर्यंत, म्हणजे भांड्याला शेवटचे एकसारखे ठोके देण्यापर्यंत आलंय, तेव्हा इथवरचं लिहून ठेवतो.

माल

दोन्ही पत्रे १८ गेजचे, म्हणजे १.२ मि.मी.च्या किंचित वर. चकत्या २० सें.मी. व्यासाच्या. तांब्याची भरली ३४० ग्रॅमच्या घरात, ॲल्युमिनिअमची जेमतेम १०३. घनता ८.९६ आणि २.७० हे आकडे आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असतात, पण दोन हातांत दोन चकत्या धरल्याशिवाय ते खरे वाटत नाहीत. पत्रा मिळतो किलोवर. तांब्याचा किलोचा भावच तीन-चार पट, वर वजन तिपटीहून जास्त. त्यामुळे त्याच मापाची चकती साधारण दहापट महाग पडते. सल्ला आला तो इथून, आणि तेवढ्यापुरता बरोबरच आहे.

ॲल्युमिनिअम घेताना मात्र ग्रेड विचारून घ्या. १०५० किंवा ११०० म्हणजे ९९ टक्के आणि त्याहून शुद्ध, मऊ माल. ६०६१ टी६ हा कडक मिश्रधातू सायकलच्या फ्रेमला, यंत्राच्या भागांना उत्तम, पण खळग्यात ठोकायला घेतलात तर काठाला तडे ठरलेले. तांब्यात ही भानगड सहसा नसते. भांड्याचा पत्रा म्हणून मागितला की शुद्ध तांबंच मिळतं.

खळग्यातलं काम

ओंडक्याच्या खळग्यावर चकती तिरकी धरायची आणि लाकडी मोगरीने काठाकडून मध्याकडे गोल गोल यायचं. पहिल्या फेरीत ॲल्युमिनिअम इतकं पटकन खाली बसतं की हुरूप येतो. नरम तांब्याची ताणशक्ती २२० मेगापास्कलच्या आसपास, शुद्ध नरम ॲल्युमिनिअमची ७० ते ९०. मनगटाला हा फरक लगेच कळतो.

खरी गंमत पुढच्या फेऱ्यांत. तांब्याचा आवाज बदलत जातो. आधी बद्द, मग खणखणीत, आणि शेवटी मोगरी उसळायला लागते. पत्रा ताठला, आता भाजा (म्हणजे तापवून परत नरम करा), असं ते स्वतःच सांगतं. ॲल्युमिनिअम तसं काही सांगत नाही. तेही ताठतं, पण इतकं हळू आणि इतकं थोडं की आवाजावरून अंदाज बांधणं कठीण. मग एकदम काठाशी सुरकुती पडते, आणि ती दाबायला गेलं की चिरते.

हे असं का, ते शोधण्यात बराच वेळ गेला, पण वाचण्यासारखं सापडलं. दोन्ही धातूंच्या अणूंची मांडणी एकच आहे : घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर एकेक अणू. दोघंही इतके छान वाकतात ते याच मांडणीमुळे. ठोका बसला की अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, आणि ही घसरण डिसलोकेशन नावाच्या रेषांवरून चालते. तांब्यात ही रेषा दोन भागांत फुटते आणि दोन्ही भागांत बरंच अंतर राहतं. समोर अडथळा आला तर तिला बाजूच्या पातळीवर सरकता येत नाही. मागून येणाऱ्या रेषा तिथेच अडकतात, गर्दी होते, पत्रा ताठतो. ॲल्युमिनिअममध्ये हे दोन भाग जवळजवळ चिकटलेलेच असतात, त्यामुळे रेषा सहज पातळी बदलून निसटते. मांडणी तीच, स्वभाव मात्र वेगळा. घनता, वितळणबिंदू, वाहकता यांच्या नेहमीच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही, आणि ठोकणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज नेमकी याचीच असते.

भाजणी

इथे दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात, आणि माझ्या मते त्या सल्ल्याची उणी बाजूही इथेच उघडी पडते.

तांब्याची भाजणी म्हणजे डोळ्यांचं काम. खोलीतला दिवा घालवायचा, गॅसच्या बर्नरची ज्योत चकतीवर फिरती ठेवायची. रंग बदलत जातात, केशरी, जांभळट, मग काळा, आणि अंधारात मंद लाल झाक दिसली की ज्योत बाजूला. वितळायला १०८५ अंश लागतात, म्हणजे लाल झाक आणि नुकसान यांच्यात भरपूर मोकळी जागा आहे. गरम चकती सरळ पाण्यात बुडवली तरी चालते. पोलादासारखं तांबं त्याने कडक होत नाही. उलट वरचा काळा ऑक्साइड तडतडून सुटतो आणि पुढचं घासणं कमी होतं. फक्त चष्मा लावा, ते पापुद्रे उडतात.

ॲल्युमिनिअम वितळतं ६६० अंशांना आणि तोवर लाल दिसतच नाही. लाल होण्याची वाट बघणाऱ्याच्या चकतीला मधोमध भोक पडतं, तेही कसलीही पूर्वसूचना न देता. नरम व्हायला ३५० ते ४०० अंश पुरतात. ते ओळखायची जुनी युक्ती साबणाची : चकतीवर साबणाची वडी कोरडीच घासायची, मागच्या बाजूने ज्योत द्यायची, आणि साबणाची रेघ गडद तपकिरी-काळी झाली की लगेच थांबायचं. मी दोन-तीन ठिकाणी रेघा ओढतो, कारण ज्योत जिथे रेंगाळते तिथे रंग आधी येतो.

वेळेचाही हिशेब करून बघितला. ग्रॅममागे ॲल्युमिनिअमला उष्णता तांब्याच्या दुपटीहून जास्त लागते (०.९० आणि ०.३९ ज्यूल), म्हणून ते सावकाश तापेल असं वाटतं. पण आपण ग्रॅम नाही, चकती तापवतो. त्याच मापाच्या चकतीला दर अंशामागे ॲल्युमिनिअममध्ये तांब्याच्या सत्तर टक्केच उष्णता लागते, शिवाय जायचंही साडेतीनशेपर्यंत, सहाशेपर्यंत नाही. गुणाकार केला की एकूण उष्णता चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. तांब्याच्या सवयीने ज्योत धरणाऱ्याला ॲल्युमिनिअम म्हणूनच चकवतं. तांबं उष्णता भराभर पसरवतं, तेव्हा मोठी चकती छोट्या बर्नरवर तापवणं हा संयमाचा खेळ होतो. मी भोवती विटांचा आडोसा केला तेव्हा कुठे रंग आला.

म्हणून नवख्याला आता मी असं सांगतो : हातोडीचा कोन आणि फेऱ्यांची शिस्त शिकायला ॲल्युमिनिअम घे, पण भाजणी तांब्यावरच शीक. दहा सें.मी.ची चकती ८५ ग्रॅमच्या आसपास बसते, एवढा खर्च परवडतो. साबणाच्या रेघेवर शिकलेला डोळा तांब्याच्या रंगापुढे कोराच असतो.

धुणं-घासणं

तांब्याला चिंच-मीठ, नाहीतर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व. ऑक्साइड निघून गुलाबी रंग वर येतो. ॲल्युमिनिअमला नुसतं साबणपाणी. धुण्याचा सोडा त्याला काळवंडवतो, आणि कॉस्टिक तर त्याला खातंच, हायड्रोजनचे बुडबुडे सोडत. आम्ल आणि अल्क दोन्हींशी पटत नाही असा हा धातू आहे.

कानस लावताना आधी तिच्यावर पांढरा खडू घासा. नाहीतर ॲल्युमिनिअमचा चुरा दातांत भरतो आणि तोच पुढे पत्र्यावर ओरखडे काढतो.

मठार

पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतली घंगाळं आणि बंब ज्यांनी जवळून बघितलेत त्यांना मठार म्हणजे काय ते सांगायला नको : शेजारी शेजारी बसलेले, एका मापाचे, चमकणारे ठोके. ते निव्वळ शोभेसाठी नसतात. शेवटच्या त्या ठोक्यांनी पत्रा ताठतो आणि भांडं चेपत नाही. तांब्याला हे काम मानवतं ते वर सांगितलेल्या स्वभावामुळेच. माझ्या तांब्याच्या वाटीचा काठ मठारानंतर अंगठ्याने दाबून हलत नाही.

ॲल्युमिनिअमच्या वाटीवर मठार दिसायला सुरेख आला, कदाचित तांब्याहूनही, कारण पांढऱ्या पृष्ठभागावर प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. पण काठ अजून दबतो. मुळात लवचिकतेचा गुणांकच, म्हणजे धातू वाकायला किती विरोध करतो त्याचं माप, ७० गिगापास्कलच्या आसपास, तांब्याचा १२०च्या जवळ. घरातली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनिअमची पातेली बघा, बहुतेकांचा काठ वळवलेला किंवा जाड असतो. आता माझ्याही वाटीचा काठ आत तार घालून वळवणार आहे. हातोडी गुळगुळीत हवी हे दोघांनाही लागू, पण ॲल्युमिनिअम जास्त चुगलखोर : हातोडीच्या तोंडावरचा बारीक चरासुद्धा ते उमटवून ठेवतं.

खरं तर ॲल्युमिनिअमला हातोडीची परंपरा असणार कुठून? तांबं माणूस हजारो वर्षं ठोकतोय. ॲल्युमिनिअम धातू म्हणून पहिल्यांदा वेगळा झाला १८२५ साली, आणि स्वस्त झाला तो १८८६मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेने तो काढण्याची रीत शोधल्यानंतर. त्याच्या दोनच वर्षं आधी वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनिअमची टोपी बसवली होती, तेव्हा तो मिरवायचा धातू होता. हातात येईपर्यंत दाबयंत्रं आणि लेथ तयार होते.

जोड

तांब्याच्या वाटीला तळाचं कडं चांदीच्या झाळाने (वितळवून सांध्यात भरायच्या धातूने) बसवलं, सरळ काम. ॲल्युमिनिअमला झाळ घेत नाही, कारण त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर सतत असतो. खरवडला तरी हवेत क्षणात परत येतो, आणि हा ऑक्साइड वितळायला २००० अंशांहून जास्त लागतात. हाच थर त्याला गंजापासून वाचवतो, आणि हाच झाळ अडवतो. मग रिव्हेट.

तांब्याचे रिव्हेट ॲल्युमिनिअमवर दिसायला फार देखणे, म्हणून आधी एका पट्टीवर लावून मिठाच्या पाण्यात ठेवले. कागदावर दोघांच्या विद्युत विभवात दोन व्होल्टचं अंतर आहे (अधिक ०.३४ आणि उणे १.६६), ऑक्साइडमुळे प्रत्यक्षात ते कमी पडतं, पण पुरेसं उरतं. रिव्हेटभोवती पांढरा बुळबुळीत साका धरला आणि पुसल्यावर खाली बारीक खड्डे दिसले. तांबं होतं तसंच. उलट जोड, म्हणजे तांब्याच्या पट्टीला ॲल्युमिनिअमचा रिव्हेट, त्याहून वाईट : मोठं तांबं आणि छोटं ॲल्युमिनिअम, त्यामुळे सगळा मारा त्या एवढ्याशा डोक्यावर. वीजवाले तांब्याची केबल ॲल्युमिनिअमच्या तारेला जोडताना मध्ये बायमेटलिक लग (एका टोकाला तांबं, दुसऱ्याला ॲल्युमिनिअम असलेला जोडतुकडा) घालतात ते याचसाठी. थोडक्यात, कोरड्या शोभेच्या वस्तूला हा जोड ठीक, पाण्याशी संबंध येणाऱ्याला नको. माझ्या वाटीला ॲल्युमिनिअमचेच रिव्हेट जातील.

वापर

विजेच्या उंच मनोऱ्यांवरून ॲल्युमिनिअमच का जातं, तेही याच काट्यावर कळतं. तितकीच वीज न्यायला तारेचा छेद दीडपटीहून थोडा मोठा लागतो, पण वजन निम्म्याहून कमी भरतं. पोलादी गाभा घातला की मनोऱ्यांमधला ताणही सोसते. घराच्या भिंतीतल्या नळीत जागा नसते आणि जोड वर्षानुवर्षं घट्ट राहावे लागतात, म्हणून तिथे तांबं. बंब तांब्याचा, कारण आतल्या निखाऱ्याची धग पाण्याला लवकर पोचते; उष्णता वाहण्यात तांबं ४०० आणि ॲल्युमिनिअम २३७ (वॅट प्रति मीटर-केल्विन).

तांब्याच्या वाटीत आमटी-ताक ठेवायचं तर कल्हई हवीच, नाहीतर कळकणार. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे कल्हईच्या आचेने ठोकून ताठलेला पत्रा नरम पडेल ही भीती फारशी नाही. फक्त झाळाच्या वेळी तळ लाल झाला होता, तेव्हा तेवढा भाग आधी परत मठारून घेतो आणि मग वाटी कल्हईवाल्याकडे देतो. ॲल्युमिनिअमच्या वाटीला २ मि.मी.ची तार आणलीय. काठ वळवायच्या आधी फक्त काठाला साबणाची रेघ आणि हलकी भाजणी, बुडाचा मठार थंड ठेवून. बूड ओल्या वाळूत रोवून हे जमतं का, ते पुढच्या नोंदीत.