कसारा घाटातली पुश-पुल चाचणी: माझा अनुभव

चाचणीला निघालेल्या गाडीचं वेळापत्रक कुठेच लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बिनवातानुकूलित पुश-पुल गाडीचा (एक इंजिन पुढून ओढतं, दुसरं मागून ढकलतं) नवा रेक, म्हणजे डब्यांचा संच, मुंबईच्या वाडीबंदर यार्डात आलाय आणि घाटात तिची चाचणी होणार, एवढंच बातम्यांतून कळलं होतं. माझ्यासाठी ते पुरेसं होतं. पुढे एक आणि मागे एक अशी चित्तरंजनच्या कारखान्यातली डब्ल्यूएपी-५ जातीची दोन विजेची इंजिनं, दोघांनाही निमुळतं तोंड, आणि मध्ये २२ डबे!

मला नुसता इंजिनाचा चेहरा टिपायचा नव्हता. कसारा ते इगतपुरी चढण ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढ, म्हणून इथे गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात. कसाऱ्याला जोडा, इगतपुरीला सोडा, यात वेळ जातो. २०१९ मध्ये मध्य रेल्वेच्या राजधानीला दोन्ही टोकांना डब्ल्यूएपी-७ लावून यावर तोडगा काढला गेला. पण डब्ल्यूएपी-७ला सहा आस (चाकांच्या जोड्या) आणि वजन सुमारे १२३ टन. डब्ल्यूएपी-५ला चारच आस आणि वजन साधारण ७८ टन. एवढ्या हलक्या इंजिनाची चाकं चढावर रुळाला किती धरतात, हाच माझ्या मते घाटातला खरा प्रश्न. तेव्हा फोटोत दोन्ही इंजिनं एकदम हवीत, आणि मागच्याचा पेंटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छपरावरचा सांगाडा, तारेला लागलेला स्पष्ट दिसायला हवा. नाहीतर मागचं इंजिन जोर लावतंय की नुसतं ओढलं जातंय, हे बघणाऱ्याला कसं कळणार?

गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब. सरळ मार्गावर दोन्ही टोकं एका चौकटीत येणं अशक्यच. म्हणून आधी नकाशावर वळणं पाहिली, मग घाटात हिंडून रेल्वेच्या हद्दीबाहेरची एक उंच जागा ठरवली. रुळांत उतरायचं नाही, हे मी कटाक्षाने पाळतो. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि फोटोपायी लोको पायलटला अचानक ब्रेक लावायला लागावा ही कल्पनाच मला सहन होत नाही.

वेळ माहीत नसल्याने सकाळपासूनच ठाण मांडलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीवर फोकस आणि उजेड तपासत राहिलो. चढावर गाड्या संथ असतात, त्यामुळे शटर फार वेगवान लागत नाही. त्याऐवजी अ‍ॅपर्चर ८ वर ठेवलं, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं, की लांबचं इंजिनही रेखीव येतं. हेडलाइटच्या झोतात समोरचा भाग पांढरा पडू नये म्हणून एक्सपोजर थोडं कमी केलं.

मग भगवा-करडा रंग वळणावर दिसला. पहिले फोटो पुढच्या इंजिनाचे घेतले, क्रमांक वाचता येतील असे. त्यानंतर बोट आवरलं. गाडी पूर्ण वळणात शिरेपर्यंत थांबणं हेच सगळ्यात कठीण, कारण तोवर पुढचं इंजिन चौकटीच्या कडेला पोचलेलं असतं. मागचं इंजिन झाडांतून बाहेर आलं, पेंटोग्राफ वर होता. सलग फोटो घेतले. एकात दोन्ही इंजिनं, दोन्ही पेंटोग्राफ आणि मधले डबे, सगळं नीट आलंय!

३० डिसेंबर २०२३ला अयोध्येत या गाडीचं अमृत भारत म्हणून उद्घाटन झालं. त्या फोटोखाली मी दिशा, चढण, वेळ आणि दोन्ही इंजिनांचे क्रमांक लिहून ठेवलेत. मूळ फाइल न कापता जपली आहे.