तुम्ही विचारलंत म्हणून: हस्की मागून डुलतो, खुबा गेला का?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. सोबत नऊ-दहा सेकंदांचा व्हिडिओ असतो. फ्लॅटचा हॉल, चकचकीत टाइल्स, फोन छातीच्या उंचीवर धरलेला आणि सहा-सात महिन्यांचं हस्कीचं पिल्लू सोफ्याकडून दाराकडे धावत सुटलेलं. खाली लिहिलेलं असतं, "डॉक्टर, मागून डुलतो ना? हिप डिस्प्लासिया तर नाही?" त्या फरशीवर सॉक्स घालून पळालो तर मीसुद्धा डुलेन. तरी 'काही नाही हो' असं मी आता म्हणत नाही. का म्हणत नाही ते पुढे येईलच.

उखळी, मांडीच्या हाडाचा गोळा, सैल सांधा, हे सगळं तुम्ही माझ्याकडे येण्याआधीच वाचलेलं असतं. ते सोडून देतो, एका ओळीत एवढंच: मांडीच्या हाडाचा गोळा कंबरेच्या उखळीत घट्ट न बसता सैल राहतो, तो हिप डिस्प्लासिया.

पहिलं काम म्हणजे व्हिडिओ नीट काढणं. खडबडीत काँक्रीट किंवा दाबून बसलेली माती बघा, पंधरा-वीस मीटर सरळ. फोन कुत्र्याच्या खुब्याच्या उंचीवर हवा, म्हणजे काढणाऱ्याला उकिडवं बसावं लागेल. पट्टा सैल. बाजूने, मागून आणि समोरून अशा तीन फेऱ्या, आधी चालत आणि मग दुडकीवर. चौखूर पळताना काढलेला व्हिडिओ फारसा कामाचा नाही, त्यात दुखरा पाय लपतो. दुडकीत तिरप्या जोडीने पाय पडतात, प्रत्येक पायाला आपला वाटा उचलावाच लागतो. आणखी दोन तुकडे हवेत. झोपेतून उठल्यावरची पहिली दहा पावलं, आणि अर्धा तास फिरून आल्यावर तासाभराने उठतानाचा.

आता बघायचं काय? दुखऱ्या मागच्या पायावर भार आला की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि डोकं किंचित खाली जातं, वजन पुढे ढकलायला. दोन्ही खुबे दुखत असतील तर हे दिसत नाही, कारण लंगडायचं कुठल्या पायावर हाच प्रश्न असतो. तेव्हा मागची पावलं आखूड पडतात, कंबर डावी-उजवीकडे झुलते, उभं राहिल्यावर मागचे पंजे एकमेकांजवळ येतात आणि छाती-खांदे वयाच्या मानाने भरदार वाटतात. लोक कौतुक करतात, "काय छाती झालीय!" छाती नाही हो, मागची मजुरी पुढचे पाय करतायत.

मात्र हस्कीची एक खोड माहीत नसली तर फसगत ठरलेली. दुडकीचा वेग वाढला की निरोगी हस्कीचे चारही पाय आत झुकत जातात आणि पावलं पोटाखालच्या एका मधल्या रेषेवर पडू लागतात. जातीच्या मानकातच तसं म्हटलंय. 'मागचे पाय फार जवळ टाकतो' या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच निकालात निघतात. फक्त गुडघे आत-बाहेर वळलेले नसावेत, आणि थांबल्यावर पाय पुन्हा खांद्यांइतक्या अंतरावर यायला हवेत.

सशासारखी उडी, म्हणजे दोन्ही मागचे पाय जोडून पळणं, याचंही तेच. तीन-चार महिन्यांचं पिल्लू पळताना तसं करतं, उंच गवतातही करतं. सहा महिन्यांनंतर सपाट जमिनीवर, फारसा वेग नसताना, दुडकी मोडून ते वारंवार तसं करू लागलं किंवा जिना प्रत्येक वेळी तसाच चढलं, तर मी कान टवकारतो.

डोळ्यांनी झालं की हात लावा. हस्कीची दुहेरी लव मांडी झाकते आणि चरबीही झाकते, त्यामुळे अंघोळ घालून अंग ओलं असतानाच तपासा. कुत्रा चारी पायांवर सरळ उभा, मापाची टेप मांडीच्या वरच्या भागात जांघेजवळून, दोन्ही बाजूंना तीन-तीनदा, आणि सरासरी. एखाद सेंटिमीटरचा फरक एकदा आला तर सोडून द्या, दर पंधरा दिवसांनी वाढत असेल तर नोंद ठेवा. दोन्ही मांड्या सारख्याच बारीक असतील तर टेप काही सांगणार नाही, तिथे हाताला लागणारा मऊपणाच सांगेल.

खुबा सोडून बाकीचंही बघा, कारण खुब्याच्या नावावर बरंच काही खपतं. कुत्र्याला आधार देऊन मागचा पंजा उलटा करा, त्याची वरची बाजू जमिनीला टेकवा. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. उशीर लागत असेल, किंवा चालताना नखं घासल्याचा आवाज येत असेल, तर मामला कण्याचा किंवा नसांचा असू शकतो. चार पावलं नीट, पाचव्याला एक पाय उचलून उडी, मग पुन्हा नीट: गुडघ्याची वाटी बघा. बसताना एकच गुडघा बाहेर फेकतो: गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. या आठवड्यात डावा पुढचा, पुढच्या आठवड्यात उजवा मागचा: वाढत्या हाडांची सूज, पॅनोस्टायटिस. आणि पावसाळ्यात गोचिड्या झालेल्या, मलूल, ताप असलेल्या कुत्र्याचे सांधे आखडले असतील तर एक्स-रेच्या आधी रक्त तपासा. गोचीडतापातही सांधे धरतात.

आता ज्या उत्तराची मला लाज वाटते ते. वर्षानुवर्षं मी सांगत होतो, "हस्कीत हे नसतं हो." आधारही होता. अमेरिकेतली ओएफए ही संस्था १९६६ पासून कुत्र्यांच्या खुब्यांच्या एक्स-रे फिल्म तपासते. तिच्या नोंदीत सायबेरियन हस्कीत हा दोष दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हा दोष सगळ्यात कमी असलेल्या जातींपैकी ही एक. पण तिथे फिल्म कोण पाठवतं? प्रजननाआधी खुबे तपासणारे. आणि फिल्म उघडच वाईट दिसली तर बरेच जण ती पाठवतच नाहीत. व्यापारी प्रजननासाठी बाहेरून कुत्रे आणायला आपल्याकडे २०१६ मध्ये बंदी आली. इथली बहुतेक पिल्लं इथल्याच आई-बापांची, आणि त्या आई-बापांची फिल्म मागितली की विकणारा केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, कागद पुढे करतो. त्या कागदावर वंशावळ असते, सांधा नसतो. दोन टक्के हा आकडा तुमच्या सोसायटीतल्या पिल्लाला लागू आहे असं मानायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. तरी मानत होतो.

माझी चूक दाखवून दिली ती एका हस्कीने. सात महिन्यांचा नर, वजन २४ किलो. प्रौढ नराचं वजनच २० ते २७ किलो असतं हे लक्षात घ्या. तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. दुसऱ्या जिन्यापासून सशासारख्या उड्या, गाडीत चढताना पुढचे पाय ठेवून थांबायचा, फिरून आल्यावर उठताना आधी पुढून उठायचा. दुसरीकडे काढलेली फिल्म घेऊन मालक आले होते. शेरा होता 'नॉर्मल'. मी ती उजेडावर धरली, दोन्ही गोळे उखळीत दिसले, आणि म्हणालो, "वजन उतरवा, सहा महिने थांबू." तेराव्या महिन्यात कुत्रा खरंच सुधारला. लंगड नाही, उड्या कमी. मालक पेढे घेऊन आले, मी खाल्ले.

तीन वर्षांचा झाला तेव्हा सकाळी त्याला उठवेना. या वेळची फिल्म वाचायला डॉक्टरही लागला नसता. गोळे चपटे, गोळ्याखालच्या हाडाच्या मानेभोवती कड वाढलेली, उखळ्या उथळ. मग जुनी फिल्म काढून शेजारी लावली आणि या वेळी ती खालून वर वाचली. गुडघ्यांच्या वाट्या मधोमध हव्या होत्या, त्या बाहेर सरकलेल्या, म्हणजे पाय आत वळवलेच नव्हते. मांडीची हाडं एकमेकांना समांतर नव्हती. ओटीपोटाच्या हाडातली दोन छिद्रं, एक गोल आणि एक चपटं, म्हणजे कंबर कललेली. कंबर कलली की एक उखळी खरी आहे त्यापेक्षा खोल दिसते आणि दुसरी उथळ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुत्रा जागा होता. दोघांनी दाबून धरून काढलेली फिल्म होती ती. जागा कुत्रा मांडीचे स्नायू आवळतो आणि सैल गोळा आत खेचून धरतो. त्या फिल्मवर सैलपणा दिसणारच नव्हता. 'नॉर्मल' लिहिणाऱ्याचा दोष होताच, पण वाट्या कुठे आहेत ते बघायला मला दहा सेकंद लागले असते.

आणि ती तेराव्या महिन्यातली सुधारणा? ती या आजाराची चालच आहे. पाचव्या ते बाराव्या महिन्यात दुखतं ते सैल सांध्यामुळे. अस्थिबंध ताणले जातात, उखळीच्या काठाला बारीक तडे जातात. मग सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, सांधा थोडा आवळला जातो, दुखणं कमी होतं. सांध्यातली गादी, म्हणजे कुर्चा, मात्र झिजतच राहते. दुसरी फेरी संधिवाताची. 'वयाबरोबर आपोआप गेलं' असं कुणी म्हणालं की तो पेढा आठवतो.

म्हणून आज सांगतो ते असं. शंका असेल तर गाढ गुंगी देऊन तपासणी. कुत्रा शिथिल झाल्यावर डॉक्टर गुडघा धरून मांडी कण्याकडे ढकलतात, सैल गोळा उखळीच्या काठावर चढतो. दाब तसाच ठेवून गुडघा हळूहळू बाहेर नेला की गोळा 'टक्' करून आत पडतो. ही ऑर्टोलानीची तपासणी, मुळात नवजात बाळांची, प्रसूतिगृहात तुम्ही पाहिलीही असेल. घरी करून बघू नका. टक् झालं तर सांधा सैल आहे. झालं नाही आणि कुत्रा वर्षाच्या पुढचा असेल, तर आवरण जाड झाल्याने किंवा उखळीचा काठ झिजल्यानेही ते गप्प बसलेलं असू शकतं.

मग त्याच गुंगीत फिल्म: पाठीवर, पाय सरळ, समांतर, वाट्या मध्यावर, दोन्ही छिद्रं सारखी. गोळ्याचा निम्मा तरी भाग उखळीच्या वरच्या काठाखाली हवा. ही चांगली फिल्मही सैलपणा थोडा लपवते, कारण पाय ताणले की आवरणाला पीळ बसून सांधा घट्ट होतो. त्यावर उपाय म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पेनहिप पद्धत निघाली. त्यात सांधा मुद्दाम फाकवून सैलपणा आकड्यात मोजतात, तोही सोळाव्या आठवड्यापासून. ०.३ च्या खालचा खुबा पुढे संधिवाताकडे जाण्याची शक्यता फार कमी. ते प्रशिक्षण घेतलेलं कुणी जवळ नसेल तर ऑर्टोलानी आणि सरळ फिल्म, दोन्ही गुंगीतच.

घाई का, तर दारं बंद होत जातात. ओटीपोटाच्या हाडाची वाढ थांबवून उखळी फिरवणारी छोटी शस्त्रक्रिया साधारण १२ ते २० आठवड्यांतच उपयोगी. हाड कापून उखळी वळवायची मोठी शस्त्रक्रिया पाच ते दहा महिन्यांत, तीही संधिवात सुरू झालेला नसेल तरच. पुढे उरतं गोळा काढून टाकणं किंवा कृत्रिम खुबा. सातव्या महिन्यात मी 'सहा महिने थांबू' म्हणालो ते या हिशेबात बसवून बघा.

पण मग मी प्रत्येक डुलणाऱ्या पिल्लाला टेबलावर घेऊ का? इथे माझं माझ्याशीच पटत नाही. सैल सांधे असूनही आयुष्यभर न कुरकुरलेले कुत्रे मी पाहिलेत. भयानक फिल्म घेऊन टेकडी चढणारेही पाहिलेत. फिल्म आणि दुखणं यांचा हिशेब जुळतोच असं नाही. त्या कुत्र्याला शस्त्रक्रिया सुचवली असती तर मालकांनी केली असती का, केली असती तर तिसऱ्या वर्षी तो वेगळा असता का, मला सांगता येत नाही. त्याला योग्य फिल्म मिळायला हवी होती, एवढंच म्हणतो.

शंका असो वा नसो, वजनाला मात्र हात घालाच. ४८ लॅब्रॅडॉरना दोन गटांत वाढवलं, एका गटाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. त्या गटात खुब्याचा संधिवात कमी आणि उशिरा आला, आणि मध्यक आयुष्य ११.२ ऐवजी १३ वर्षं झालं. ओल्या अंगावर हात फिरवला की बरगड्या दाबल्याशिवाय लागायला हव्यात. उन्हात हस्कीला फिरवता येत नाही हे खरं, मग त्याचं जेवण कमी करा, पहाटे साडेपाचला उठा. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला जिना उचलून न्या, मऊ जमिनीवर मोकळं सोडा. नॉर्वेतल्या अभ्यासात चार मोठ्या जातींच्या पिल्लांत जिन्याने धोका वाढला आणि मोकळं फिरण्याने घटला असं दिसलं. त्या जातींत हस्की नव्हता, पण उचलायला काय जातं.

पिल्लांचं तयार खाणं देत असाल तर वरून कॅल्शियमचं सिरप नको. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, ते हाडांच्या वाढीत गोंधळ घालतं. आणि तपासणीच्या आदल्या रात्री घरातली दुखऱ्या कंबरेची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक त्याच्या पोटातून आणि मूत्रपिंडातून वसूल होतं. शिवाय सकाळी तो माझ्यासमोर झकास चालेल, आणि मी पुन्हा 'नॉर्मल' म्हणेन.