खोल खणणं

रविवार, रात्री उशिरा

आज चर्चच्या संडे स्कूलला येशूनं सांगितलेला दोन घरांचा दाखला घेतला: त्याची वचनं ऐकून तसं वागणारा खडकावर घर बांधतो, नुसता ऐकणारा वाळूवर; पूर आला की वाळूवरचं पडतं. हा पाठ मला हातवाऱ्यांसकट तोंडपाठ आहे. पाऊस, पूर, वारा, आणि शेवटी धाडकन टाळी. मुलांनी चित्रं काढली. निघताना सगळ्यात लहान लेकरू माझ्या ओढणीचं टोक धरून म्हणालं, "टीचर, वाळूवाल्यानं पण ऐकलं होतं ना?"

म्हटलं, हो, ऐकलं होतं.

"मग?"

तेवढ्यात उपासनेची घंटा झाली आणि मी सुटले. पण तो 'मग?' दिवसभर पाठ सोडत नाहीये.

घरी येऊन बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ७ वा अध्याय उघडला. २४ ते २७. दोघंही ऐकतात, दोघंही बांधतात, पाऊस दोघांच्याही घरावर येतो. वाळूवाला कुणी देवाला न मानणारा असेल असं मी उगाच धरून चालले होते. तो पुढच्या बाकावर बसून मान डोलावणारा असू शकतो. त्यानं ऐकलं आणि केलं नाही, इतकंच लिहिलंय. आणि प्रभू म्हणतो, 'माझी ही वचनं'. ही म्हणजे कुठली, ते मी मुलांना कधी सांगितलंच नाही. डोंगरावरचं प्रवचन या दाखल्यावर संपतं, म्हणजे ५ व्या अध्यायापासून जे सांगत आणलं तेच सगळं. तुमचं होय ते होय असू द्या. दोष काढू नका. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल, तर अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जा, समेट कर.

आधी जा.

ताईचा विषय काढायचा नव्हता. पण दर वेळी मीच का जायचं? आईच्या वेळी कोण होतं आणि कोण नव्हतं, ते सगळ्यांना माहीत आहे. मंडळीत कुणाच्या घरी दुःख झालं की पहिली धावते ती मी. माझ्या दाराशी कोण आलं? जाऊ दे. अर्धा तास रडले, खोटं कशाला लिहू.

मग अर्पणाचं ते वचन, ५:२३, बघायला पानं मागे उलटली, तर समासात पेन्सिलीनं ताईचं नाव. अक्षर माझंच. खाली तारीख, दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे वचन मला कळलं होतं. ते कुणासाठी आहे तेही कळलं होतं. नाव लिहिलं, बायबल मिटलं आणि दोन वर्षं मुलांना खडकावरचं घर शिकवत राहिले. लाज वाटली. अजून वाटतेय.

लूकाच्या शुभवर्तमानात हाच दाखला आहे, ६:४८ ला. तिथे एक शब्द जास्त आहे: त्या माणसानं खोल खणलं. त्या लेकराच्या चित्रात दोन्ही घरं अगदी सारखी होती, तेच दार, त्याच दोन खिडक्या. फक्त एका घराखाली तपकिरी खडू इतका दाबून गिरवला होता की कागद फाटला. मी म्हटलं होतं, हळू गिरव रे. आता वाटतं, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळलंय.

मी खणून काय काढणार, हाही प्रश्न आहेच. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की पाया घातलेलाच आहे, तो येशू ख्रिस्त. दुसरा कुणालाही घालता येत नाही. मग खडक माझा मला घडवायचा नाहीये. वरची माती तेवढी उपसायची. माझी माती मला दिसते: 'मी बरोबर होते.' बरोबर होतेच मी, अजूनही वाटतं. पण त्यावर घर उभं राहत नाही.

येशूच्या शिष्याचं, पेत्राचं, आठवून जरा बरं वाटलं. मत्तय १६ मध्ये १८ व्या वचनात प्रभू त्याला खडक म्हणतो आणि २३ व्यात अडखळण. मध्ये जेमतेम चार वचनं. तरी त्याला सोडलं नाही. मलाही सोडणार नाही. मी अशीच आहे, एका दिवसात एक टोपली माती काढणारी. चालेल.

पावणेअकराला ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला: "ताई, जागी आहेस का? माझं चुकलंय, बोलायचं होतं."

अजून एकच टिक आहे. दिवा चालू ठेवून बसलेय.