डाळ लवकर शिजवणारे पाणी

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातील एका वस्तीवर मी पाण्याचे नमुने घेण्यासाठी गेले, तेव्हा हातपंपाभोवती जमलेल्या बायका कौतुकाने सांगत होत्या, "मॅडम, या बोरिंगच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणालाही फेस येतो. विहिरीचं पाणी आता कोणी पीत नाही." ते ऐकून मी सावध झाले. डाळ लवकर शिजते म्हणजे पाणी मृदू असते, त्यात कॅल्शियम कमी असते. आणि खोल, अल्कधर्मी भूजलात कॅल्शियम कमी असले की खडकातून सुटलेले फ्लोराइड कॅल्शियमशी बांधले जाऊन खाली बसत नाही, ते पाण्यातच वाढत राहते. शेजारच्या शाळेतील मुलांच्या दातांवर जास्त फ्लोराइडमुळे पडतात तसे तपकिरी पट्टे दिसले, तेव्हा माझी शंका बळावली.

हातपंप काही मिनिटे चालवून नळीत साचलेले पाणी आम्ही जाऊ दिले. फ्लोराइडसाठी प्लॅस्टिकच्या बाटलीत आणि जिवाणूंसाठी पंपाचे तोंड ज्योतीने तापवून निर्जंतुक बाटलीत नमुना घेतला. वापरात नसलेल्या विहिरीचा नमुनाही मी आग्रहाने घेतला. कोणीतरी टीडीएस मीटर लावून बोरिंगचे पाणी उत्तम असल्याचे पूर्वी सांगितले होते; परंतु ते मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते, त्यातील फ्लोराइड किती हे त्याला कळत नाही, आणि जिवाणू तर मुळीच कळत नाहीत.

प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर आलेले वाचन मी नव्या बफरने (मोजणीआधी नमुन्यात मिसळायच्या द्रावणाने) पुन्हा पडताळले. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालते. बोरिंगच्या पाण्यात ते त्याच्या दुपटीहून अधिक निघाले. विहिरीत फ्लोराइड मर्यादेत होते, मात्र जिवाणू चाचणीची कुपी काळी पडली होती, म्हणजे पाणी जिवाणूंनी दूषित होते.

हे निष्कर्ष ग्रामपंचायतीत सांगताना एका आजींनी पाणी उकळून प्यावे का, असे विचारले. उकळण्याने जिवाणू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. उलट पाण्याची वाफ झाल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते, हे समजावण्यात माझा बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. जिवाणूंवर गावातच उपाय करता येतो, फ्लोराइड काढणे मात्र खर्चाचे आणि सतत देखभालीचे काम आहे. म्हणून विहीर उपसून स्वच्छ करावी, हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावे, पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओटी चाचणी अर्ध्या तासाने घ्यावी आणि पुन्हा नमुना पाठवावा, असे ठरले. हातपंप लाल रंगवून धुण्यापुरता ठेवला.

मोठ्या मुलांच्या दातांवरचे डाग आता जाणार नाहीत. कायमच्या दातांचे आवरण साधारण आठ वर्षांपर्यंत घडत असते, म्हणून विहिरीचे पाणी सर्वप्रथम लहान मुलांच्या घरी पोहोचावे, अशी विनंती मी जलसुरक्षकाला केली आणि ती अहवालातही लिहिली.