येळवस: आज्याच्या बांधावरून

रात्रीची मुंबई–लातूर गाडी पुण्यात येते तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. पण येळवशीच्या आदल्या रात्री त्या डब्यात कुणाला झोप नसते. समोरच्या बर्थवरच्या बाईंच्या पिशवीतून हिरवा खण डोकावत होता. "कोणतं शिवार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "किल्लारीकडचं." "आमचं निलंग्याकडं," म्हणाल्या आणि सरकून मला जागा करून दिली.

पंचांगात वेळ अमावस्या, आमच्या तोंडात येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, २०२४ साली ती ३० डिसेंबरला, सोमवारी आली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावंच्या गावं रानात असतात, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीला हीच येळ्ळ अमावस्या. जालन्याकडच्या माझ्या मैत्रिणींना मात्र हा सण माहीतच नाही, त्यांना दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं.

कुर्डुवाडी मागं पडली की मला २०१६ चा उन्हाळा आठवतो. एप्रिलात मिरजेहून पाणी भरलेली रेल्वे याच रुळांवरून लातूरला आली होती. त्याआधीच्या जानेवारीतल्या येळवशीला आमच्या रानात वीतभर ज्वारी नव्हती. तरी कोप, म्हणजे पूजेसाठीची कडब्याची खोपी, घातली होती. कडबा विकत आणून घातली होती.

सकाळी लातूर शांत होतं. दुकानांची शटरं खाली, चौकात तुरळक रिक्षा. अप्पा, माझा चुलतभाऊ, जीप घेऊन आला होता. औसा, लामजना पाटी, मग उजव्या-डाव्या हाताला काळं रान आणि त्यात पिवळी करडई. वाटेत माणसांनी भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बायकांच्या मांडीवर टोपल्या, त्यावर नवी धडपी झाकलेली. अप्पा एरवी बोलका आहे. त्या दिवशी बोलला नाही. मी पण विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं.

आमचं जुनं गाव १९९३ च्या भूकंपात गेलं. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली, पोरं गणपती बोळवून येऊन झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, तेच अंगावर आलं. आमच्या वाड्यातली सात माणसं गेली. पुढं पुनर्वसनात घरं मिळाली ती ज्याच्या नावावर जमीन किती त्या हिशोबानं, २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांची. एका चौकात जेवणारं आमचं घर चार गल्ल्यांत गेलं. मग शेताच्याही वाटण्या झाल्या. थोरल्या घरचा दादा आणि अप्पा यांच्यात दीड हात बांधावरून बिनसलं, त्याला तीन वर्षं झाली. दोघं एकमेकांच्या दारात जात नाहीत. लग्नकार्यातसुद्धा एक मांडवात असला की दुसरा बाहेर.

पण कोप एकच असते, विहिरीजवळच्या लिंबाखाली. चौघांच्या चार कोपी कराव्यात असं एकदा कुणीतरी म्हणालं होतं, तेव्हा माय म्हणाली, "मग मला कुठं बसवताव?" आजीला आम्ही सगळे मायच म्हणतो. विषय तिथंच संपला.

मी पोचले तेव्हा कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप झाली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव, शेजारी द्रौपदी. कोपीवर मायचं हिरवं लुगडं. भोवती माणसंच माणसं, लेकी-जावई, आत्यांची नातवंडं, शेजारच्या गावचे सोयरे. साठाच्या वर ताटं झाली असतील. लिंबाच्या फांदीला झोका, त्यावर पोरींची ओढाताण. कडेला पुरुष मंडळींचं सोयाबीन चाललं होतं: हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजाराच्या आगेमागे. घरात पडून असलेल्या पोत्यांचं काय करायचं, याला कुणाकडं उत्तर नव्हतं.

"आलीस का गं बाई? आंबील घे आधी," काकूनं गडू पुढं केला.

आंबील म्हणजे काय ते लिहायला हवं, कारण पुण्यात मी कितीदा केली तरी ती तशी होत नाही. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी ताकात भिजवून आंबवायचं, शिजवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं. मग त्यात पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, आलं, जिरं, मीठ. आणि हे सगळं मातीच्या बिंदग्यात. बिंदग्याचा ओलसर वास घोटाघोटाला येतो, स्टीलच्या पातेल्यात तो कुठून येणार? काकूच्या बोटांची टोकं हिरवी-काळी झाली होती. रात्रभर बायका सोलाणे आणि तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, पहाटे तीनला चूल पेटली होती. भज्जीत ते दाणे, वाल, वाटाणे, मेथी, चाकवत, गाजर, वांगी, कांद्याची पात, रानात जे हाती लागेल ते सगळं जातं. चिंचेच्या पाण्यात कालवलेलं डाळीचं पीठ त्याला धरून ठेवतं. सोबत बाजरीचे उंडे, तीळ लावलेल्या भाकरी, आंबट भात, गव्हाची खीर. पानावर बसल्यावर "पुरे" म्हणायची सोयच नाही. कुणाच्या हातचं वाढलं गेलं तेही कळत नाही.

जेवायच्या आधी पूजा आणि चर शिंपायचा. त्यासाठीच मी दरवर्षी येते.

एकानं घोंगडी पांघरून आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घ्यायचं, दुसऱ्यानं पुढं होऊन लिंबाच्या डहाळीनं पिकावर आंबील शिंपडत जायचं. पुढच्यानं ओरडायचं, "ओलगे ओलगे!" आणि मागच्यांनी, "सालम पोलगे!" शब्दांचा अर्थ आमच्यात कुणी सांगत नाही, सगळे म्हणतात मात्र पोटातून. फेरा घालायचा तो आज्याच्या बांधावरून. वाटणीचे बांध मधे येतात, ते ओलांडून पुढं जायचं. आज्याच्या वेळचं बावीस एकर जिथं संपत होतं, तिथून वळायचं.

बिंदगं थोरल्या घराकडं असतं, म्हणून ते दादाच्या डोक्यावर होतं. डहाळी दरवर्षी नानांकडं. पण नानांचा गुडघा यंदा धरलेला, त्यांनी बसल्या जागेवरून ती अप्पाच्या हातात दिली. कुणी काही बोललं नाही. पोरं मागं गोळा झाली, मीही पदर खोचून निघाले.

अप्पा पहिल्यांदा ओरडला तो अगदी हळू. मागून पोरांचंच उत्तर आलं. हरभऱ्याच्या तुकड्यापर्यंत तसंच चाललं. मग तो दीड हाताचा बांध आला. नवीन दगड रोवलेला, शेजारी जुना उपटून टाकलेला. अप्पा त्यावर चढला आणि थांबला. मागं दादा, डोक्यावर बिंदगं, दोन्ही हात वर, खालचं काही दिसेना. चाचपडत त्याचा पाय ढेकळावरून सरकला. अप्पानं वळून त्याच्या कोपराला धरलं. धरलं ते दादा बांध उतरून पलीकडं उभा राहीपर्यंत सोडलं नाही. मग बिंदग्यात डहाळी बुडवली, उंच झटकली आणि ओरडला, "ओलगे ओलगे!"

"सालम पोलगे!" हा आवाज दादाचा होता. घोंगडीच्या आतून आलेला, घोगरा. ज्वारीच्या पानांवर पांढरे थेंब उडाले, काही माझ्या गालावर आले.

दुपारी माय मला घेऊन जुन्या गावात गेली. अर्ध्या कोसाची वाट. येड्या बाभळी आणि दगडांचे ढीग. वाड्याचं जोतं अजून कळतं, उंबऱ्याचा लांब दगड जागेवर आहे. मायनं गडूतली आंबील उंबऱ्यावर ओतली आणि सात नावं घेतली, एकेक करून, हाक मारल्यासारखी. धाकट्या काकाचं नाव घेताना ती थांबली, गडू पुन्हा तिरपा केला. त्याला आंबील फार आवडायची, म्हणाली.

दिवस मावळताना कोपीसमोर मातीच्या मडक्यात दूध उतू घातलं. ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगाला पीक चांगलं, असं आमच्याकडं धरतात. यंदा ते उगवतीला गेलं. उगवतीला दादाचंही रान आहे आणि अप्पाचंही. नाना मोठ्यानं "हर हर महादेव" म्हणाले.

मग पेंढीचा टेंभा पेटला. तो घेऊन पुन्हा तोच फेरा, या खेपेला अंधारात. दादा निघाला, पोरं ओरडत मागं. मी लिंबाखाली बसून मायच्या पायाला तेल चोळत होते. ज्वारीतून टेंभा जाताना दिसत होता. बांधाच्या जागी तो थांबला, खाली-वर झाला आणि पुन्हा चालू लागला, तेव्हा धरणाऱ्याची उंची बदललेली होती. दादा ठेंगणा आहे. आता टेंभा हातभर वरून चालला होता.

मायनं विचारलं, "कुणाच्या हातात हाय गं?"

"अप्पाच्या," मी म्हटलं.

तिनं दुसरा पाय पुढं केला.