एका फेजवरची माणसं

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात वीज गेली की ‘कधी येणार?’ हे कोणी लगेच विचारत नाही. आधी विचारतात, ‘तुमगेर आसा?’, म्हणजे तुमच्याकडे आहे का? समोरच्या फर्नांडिसबाई गॅलरीतून ओरडतात, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ‘ना!’ म्हणते, आणि दोघींनाही जरा बरं वाटतं. मिक्सरमध्ये नारळाचं वाटप अर्धवट अडकलेलं, गॅसवर कढई तापलेली, तरी बरं वाटतं. खरा राग येतो तो शेजारच्या घरात पंखा फिरताना दिसला की.

याचं कारण खांबावर आहे. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ११ हजार व्होल्टची वीज येते आणि घरात वापरण्याजोगी होऊन तीन फेजमधून, म्हणजे तीन वेगळ्या तारांमधून, बाहेर पडते. भार सारखा राहावा म्हणून साध्या जोडणीची घरं या तीन फेजवर वाटलेली असतात. पावसात माडाचं एखादं चुडत तारेवर पडतं, एका फेजचा फ्यूज उडतो आणि वाड्यातली तेवढीच घरं काळोखात जातात. आमच्या फेजवर आम्ही, फर्नांडिसबाई, कोपऱ्यावरचा पोदेर, म्हणजे पाववाला, आणि ब्लाउज शिवणाऱ्या मावशी. भिंतीला भिंत लावून राहतात ते केरकर, आम्हीही केरकर, पण त्यांची फेज वेगळी. त्यांची पार्सलं आमच्याकडे येतात, आमच्या लग्नपत्रिका त्यांच्याकडे जातात, आणि नवीन आलेला प्रत्येक माणूस विचारतो, ‘भाऊ-भाऊ का?’ सासूबाई प्रत्येकाला तेच सांगतात: ‘त्यांची केरी सत्तरीतली. आमची इथली.’

गोव्यात केरी नावाची गावं तीन आहेत. एक आमच्या फोंडा तालुक्यात. दुसरी सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. तिसरी पेडण्यात, जिथे तेरेखोलची नदी समुद्राला मिळते. तिन्ही गावांतून बाहेर पडलेली माणसं केरकर झाली. शिरोडकरांचंही तेच: एक शिरोडा आमच्याच तालुक्यात, दुसरा तेरेखोलच्या पलीकडे सिंधुदुर्गात. केरीत राहणाऱ्याला केरकर म्हणून कोणी ओळखायचं कारणच नाही, तिथे सगळेच केरीचे. गाव सुटलं की गावाचं नाव माणसाला चिकटतं. म्हणजे माशेलकर, बोरकर, आमोणकर, पेडणेकर ही आडनावं ऐकली की एवढंच कळतं की यांचा कोणीतरी पूर्वज एके दिवशी सामान बांधून निघाला. का निघाला, कर्जापायी, भांडणातून की पोर्तुगिजांच्या धाकाने, ते आडनाव सांगत नाही.

आणि आमच्या तालुक्यात तर देवसुद्धा बाहेरून आलेले. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात, देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आमच्या केरीची विजयादुर्गाही मुळात सांकवाळची. तेव्हा ‘आम्ही मूळचे केरीचे’ असं सासूबाई छातीठोकपणे म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते. मूळचं तिथे नक्की कोण आहे? अर्थात हे मी त्यांच्यासमोर म्हणत नाही.

माझं तर याहून निराळं. माहेरी मी बोरकर आणि बोरीत एक रात्रही राहिलेली नाही. जुवारी ओलांडताना बोरीच्या पुलावरून बसमधून जे दिसलं तेवढं माझं गाव. लग्न झाल्यावर दुसऱ्या एका गावाचं नाव मिळालं. आता दोन गावांची नावं लावून झाली, दोन्ही ठिकाणी माझं घर नाही. लग्नात पहिलं नावही बदलायची रीत होती, ती मी होऊ दिली नाही. त्यावरून जो अबोला झाला तो गणपतीपर्यंत टिकला.

मागच्या पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी आमची फेज गेली होती आणि आम्ही पुढच्या सोप्यावर बसलो होतो. काळोखात सासूबाईंची वाणी सुटते. टीव्ही बंद, मोबाईलची बॅटरी राखून ठेवायची, त्यामुळे ऐकायला माणसं मिळतात. कोणाची मोठी आत्या कोणत्या देसायांकडे दिली होती इथपर्यंत गाडी आली असताना फाटकापाशी खरीखुरी गाडी थांबली. घंटी वाजणार कुठून, कोणीतरी कडी वाजवली. मुंबईचं कुटुंब, नवराबायको आणि एक पेंगुळलेली मुलगी. दिवसभर देवळं फिरून परत चालले होते, हेडलाइटच्या उजेडात आमची पाटी दिसली म्हणून थांबले. ते केरकर.

त्यानंतर जी उलटतपासणी झाली ती एखाद्या वकिलाने शिकावी. ‘कुळदैवत कोण?’ माहीत नाही, वडील असेपर्यंत ते बघायचे. ‘महाजन म्हणून नाव आहे कुठे?’ महाजन म्हणजे काय हेच त्यांना सांगावं लागलं: देवस्थानाचे हक्कदार, ज्यांच्या याद्या पोर्तुगिजांच्या काळापासून कागदावर आहेत, आणि जिथे पणजोबांचं नाव सापडलं तर पुढचा शोध निम्मा संपतो. ‘गोत्र?’ त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने तिच्या माहेरचं सांगितलं. सासूबाईंनी ते दयाबुद्धीने सोडून दिलं.

‘बरं, आजोबा गावाबद्दल काय बोलायचे? काहीही सांग.’

तो जरा विचारात पडला. म्हणाला, आजोबा लहानपणी होडीने पलीकडे किल्ल्यावर जायचे, वाऱ्याने होडी हलली की रडायचे.

‘मग तुमची केरी पेडण्याची,’ सासूबाई लगेच म्हणाल्या. ‘पलीकडचा किल्ला म्हणजे तेरेखोल. आमच्या केरीत कसली होडी? आता रात्रीचे निघू नका, दीड-दोन तास लागतील. उद्या सकाळी जा, तिथे कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा.’

आडनावावरून ज्याचा तपास लागला नाही तो एका रडक्या मुलाच्या आठवणीवरून लागला. मी गॅसवर चहा ठेवला. तेवढ्यात वीज आली आणि इतका वेळ नुसते आवाज असलेली माणसं एकदम दिसली. सासूबाईंनी त्या गृहस्थाला नीट न्याहाळलं आणि नातं नाही हे स्वतःच सिद्ध केल्यानंतर म्हणाल्या, ‘नाक मात्र आमच्यासारखंच आहे हो.’

हे सगळं फर्नांडिसबाईंनी गॅलरीतून ऐकलं होतंच. दुसऱ्या दिवशी पाव घेताना म्हणाल्या, तुमचं बरं आहे, तीनच केऱ्या. फर्नांडिस किती गावांत आहेत, मोजा. धर्मांतराच्या वेळी पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं, त्यामुळे बार्देशातले फर्नांडिस आणि साष्टीतले फर्नांडिस यांचं रक्ताचं काही नातं असेलच असं नाही. पण त्याआधीचं आडनाव काही घरांनी जपून ठेवलेलं असतं. ‘आमी आदीं नायक, अशें म्हजो पाय सांगतालो,’ त्या म्हणाल्या. पाय म्हणजे वडील. कुठल्या गावचे नायक ते वडिलांनी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी त्यांनाही प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि पाव थंड झाले.

माझ्या मुलाला या साऱ्यात रस नाही. त्याचं म्हणणं, घरात दोन-चार इन्व्हर्टर बॅटऱ्या जास्त बसवल्या तर आजीच्या गोष्टी आपोआप कमी होतील. त्याचं गणित बरोबर आहे. त्याने मला आणखी एक सांगितलं: आपल्या गोव्यात मोठं वीज केंद्र नाही, बहुतेक वीज राज्याबाहेरच्या केंद्रांतून येते. म्हणजे विजेचंही मूळ गाव दुसरीकडेच. हे सासूबाईंना आवडलं, त्या दोन दिवस येईल त्याला सांगत होत्या.

आमचं विजेचं बिल अजून सासऱ्यांच्या वडिलांच्या नावावर येतं. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, जोडणी घेतली ती त्यानंतर, पण आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. त्यांनी अर्जावर आडनाव लिहिलं ते ‘के’ ऐवजी ‘क्यू’ने सुरू होणारं, आणि शेवटच्या ‘कर’ला ‘सी’. सासऱ्यांच्या कागदांवर दोन्हीकडे ‘के’. आडनाव बदलायचं तर गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे, पण आमचं आडनाव बदललेलंच नाही, फक्त स्पेलिंग बदललंय. बिल नावावर करून घ्यायचं तर वारस कोण ते सांगणारं सक्सेशन डीड हवं, सगळ्या चुलतभावंडांच्या सह्या हव्यात आणि क्यूवाले केरकर तेच केवाले केरकर हे कोणालातरी पटवून द्यायला हवं. एक चुलतदीर लिस्बनला आहे, तो फोन उचलत नाही. म्हणून आम्ही गप्प आजोबांच्या नावाने पैसे भरतो.

परवा पुन्हा फेज गेली. मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी नम्र होता. ‘ग्राहकाचं नाव?’ मी आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं, क्यू आणि सीसकट.

‘त्यांच्याशी बोलता येईल का, मॅडम?’

‘नाही. ते जाऊन खूप वर्षं झाली.’

‘अरेरे. मग तक्रार कोणाच्या नावावर घेऊ?’

मी विचार करत होते तेवढ्यात सासूबाई सोप्यावरून ओरडल्या, ‘त्यांच्याच नावावर घे म्हणावं! त्यांच्या शब्दाला फोंड्यात मान होता!’