‘होन्निन शिदाइ देसु’

पुण्यात जपानी आणि पुढे सोलमध्ये कोरियन शिकून मी आता ओसाकात या दोन भाषांमध्ये दुभाषाचे काम करते. वर्षातले बरेचसे काम कारखान्यांचे असते. पण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात एक एजंट मला फुटबॉलपटूंच्या बैठकांसाठी बोलावतो. बैठक दोन तासांची असली तरी तिची तयारी आठवडाभर चालते आणि ती वयापासून सुरू होते. जन्मतःच एक वर्ष धरण्याची कोरियन पद्धत जून २०२३ मध्ये सरकारी व्यवहारातून गेली, तरी घरात ती अजून चालते. आई ‘एकोणीस’ म्हणते आणि पासपोर्टवर सतरा किंवा अठरा निघतात. अठरा पूर्ण होण्याआधी परदेशी क्लबाकडे नोंदणी करायला फिफा सहसा परवानगी देत नाही, म्हणून मी आधी जन्मतारीख मागून घेते.

ज्या बैठकीविषयी लिहायचे आहे ती नोव्हेंबर २०२३ मधली. मुलगा कोरियन, उंच, मध्यवर्ती बचावपटू, अठरा पूर्ण झालेला. वडील गोजेच्या जहाजबांधणी कारखान्यात कामाला. गिमहेहून सकाळच्या विमानाने तिघे आले होते आणि आईने स्टीलच्या डब्यात किम्बाप, म्हणजे भाताच्या कोरियन गुंडाळ्या, आणल्या होत्या, तो डबा शेवटपर्यंत उघडला गेला नाही. मुलापुढे दोन प्रस्ताव होते. एक मायदेशातल्या पहिल्या श्रेणीतल्या क्लबाचा, दुसरा जपानच्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबाचा.

वडिलांनी वहीत सगळे मांडून आणले होते आणि त्यांचा हिशोब कच्चा नव्हता. जपानी क्लब त्या वेळी नवोदितांना देत असलेल्या ‘सी’ करारात वार्षिक पगाराची कमाल मर्यादा ४६ लाख येन होती. दुसऱ्या श्रेणीत ९०० मिनिटे, पहिल्या श्रेणीत ४५० मिनिटे खेळल्याशिवाय ती मर्यादा सुटत नसे. चार वर्षांपूर्वी शंभर येनला अकराशेच्या आसपास वॉन मिळत असताना ही रक्कम पाच कोटी वॉनच्या वर जायची. आता शंभर येनला नऊशे वॉनही मिळत नव्हते, त्यामुळे ती चार कोटींच्या आसपास आली होती. काही एजंट अजूनही जुन्या दराचा आकडा घरच्यांपुढे ठेवतात आणि मला त्याची चीड येते. आमच्या एजंटाने त्या दिवशी तसे केले नाही, हे मी नमूद करते.

पैशापेक्षा वडिलांना ‘खेळायला मिळेल का’ हा प्रश्न पोखरत होता. कोरियन लीगमध्ये बावीस वर्षांखालच्या खेळाडूंना मैदानावर उतरवले नाही तर संघाच्या बदली खेळाडूंची संख्या कमी व्हायची. नियम तरुणांच्या भल्यासाठी केलेला होता. पण कित्येक प्रशिक्षक एखाद्या पोराला बाजूच्या आक्रमकाच्या जागी सुरुवातीला उतरवत आणि विसाव्या मिनिटाला परत बोलावत. नियमही पाळला जाई आणि संघही बदलत नसे. मला हे त्या पोरांचा अपमान केल्यासारखे वाटते. मध्यवर्ती बचावपटूला मात्र कोणी विसाव्या मिनिटाला काढत नाही, त्यामुळे या नियमापायी त्याला कोणी घेतही नाही. वडिलांनी हे वहीत लाल पेनने लिहिले होते. जपानी क्लबांना उंच कोरियन बचावपटू आणि गोलरक्षक पूर्वीपासून हवे असतात, हे त्यांना माहीत होते. मात्र एक गोष्ट त्यांच्या वहीत नव्हती आणि एजंटालाही ती सांगावीशी वाटली नाही. २००९ पासून जपानमध्ये आशियाई खेळाडूसाठी वेगळी जागा होती, ती २०१९ मध्ये गेली. तेव्हापासून कोरियन मुलाला परदेशी खेळाडूच्या जागेसाठी थेट ब्राझिलियनांशी झगडावे लागते.

या वडिलांच्या पिढीला जपान म्हटले की कोरियाचा नामवंत फुटबॉलपटू पार्क जी-सुंग आठवतो. कोरियन क्लबांनी ज्याला घेतले नाही असा म्योंगजी विद्यापीठाचा तो मुलगा २००० साली क्योतोच्या क्लबाकडे गेला, १ जानेवारी २००३ रोजी त्या संघाने जपानचा सम्राट चषक जिंकला आणि तिथून तो नेदरलँड्सला गेला. डोंगगुक विद्यापीठातून २००९ मध्ये ओसाकात आलेला गोलरक्षक किम जिन-ह्यन तर त्याच क्लबात दशकाहून जास्त काळ राहिला. त्याआधी १९९३ मध्ये, जपानी लीगच्या पहिल्याच वर्षी, नोह जंग-युन हिरोशिमाला गेला तेव्हा त्याला मायदेशात गद्दार म्हणणारे लोक होते. पुढे ड्राफ्टच्या, म्हणजे क्लबांनीच नवे खेळाडू वाटून घेण्याच्या, काळात मुलाला स्वतःचा क्लब निवडता येत नसे, म्हणून बरेच जण जपानला निघाले. त्यावर कोरियन लीगने काय केले, तर असे गेलेल्यांना पाच वर्षे परत न घेण्याचा नियम केला. मुले का जातात हे समजून घेण्याऐवजी परतीचे दार लावणारी ही बुद्धी मला आजही पटत नाही.

कोरियन मुलांना सक्तीच्या असलेल्या लष्करी सेवेचा मुद्दा एजंटाने पाच मिनिटांत उरकला, पण वडिलांच्या वहीत त्याला दोन पाने होती. दीड वर्षाची सेवा लष्कराच्या सांगमू संघातून खेळत करायची, तर सत्तावीस वर्षांच्या आत मायदेशातल्या संघाकडे परतावेच लागते. महिन्यापूर्वीच हांगझोच्या अंतिम सामन्यात जपानला २-१ ने हरवून कोरियाने एशियाडचे सुवर्ण मिळवले होते आणि त्या संघाची सेवा माफ झाली होती. पुढचे एशियाड २०२६ मध्ये आइची-नागोयात. ‘तेव्हा हा एकवीस वर्षांचा असेल आणि जपानातच असेल,’ असे म्हणताना वडिलांचा आवाज बदलला.

मग त्यांनी वही मिटली आणि जपानी क्लबाच्या अधिकाऱ्याला विचारले, ‘मेहनत केली तर याला खेळायला मिळेल का?’

अधिकारी सज्जन होते. ते क्षणभर थांबले, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाले, ‘होन्निन शिदाइ देसु.’

मी लगेच भाषांतर केले, ‘बोनिन हागी नारूम-इम्निदा.’ पहिला शब्द तर दोन्ही भाषांत एकाच चिनी अक्षरांचा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘ते त्याच्या हातात आहे’. शब्दाला शब्द बरोबर होता. पण करार समोर असताना जपानी अधिकारी हे वाक्य एवढ्या थांबून बोलतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘मी काही कबूल करत नाही’ असा असतो. तेच वाक्य कोरियन बापाच्या कानावर पडते तेव्हा ‘पोराने जीव लावला तर नक्की मिळेल’ असे ऐकू येते. मला हा फरक माहीत होता. वाक्य तोंडातून जाताना मी वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटलेला पाहिला आणि गप्प राहिले, कारण न बोललेले जोडायचे नाही हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे.

मुलाने त्या दोन तासांत एकच प्रश्न विचारला आणि तो मला विचारला. बचावाची फळी पुढे सरकवायला कोरियात ‘ओल्योऽ’ असे ओरडतात, जपानीत काय ओरडायचे? मी कागदी रुमालावर हंगुल लिपीत ‘आगेरो’ लिहून दिले. तो शब्द त्याने दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला आणि विचारले, ‘सोन्सेंग-निम (म्हणजे ‘बाई’), हे अरेतुरेतले आहे ना? तीस वर्षांच्या कप्तानाला मी असे म्हणू शकतो?’ मैदानावर आदरार्थी रूपे चालत नाहीत, तिथे सगळे एकमेकांना असेच ओरडतात, असे मी त्याला सांगितले. त्या क्लबाकडे पोर्तुगीज दुभाषी होता, कोरियन नव्हता; कोरियन मुले लवकर जपानी शिकतात म्हणून गरज पडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुले शिकतात हे खरे आहे. पण पहिल्या सहा महिन्यांत बचावपटू मैदानावर मुका राहिला, तर शिकून होईपर्यंत त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते.

त्याने दोन वर्षांचा करार केला. पहिल्या हंगामात तो दोन सामन्यांत बदली म्हणून उतरला आणि उन्हाळ्यात त्याला ‘इकुसेइ-गाता’ म्हणजे घडवण्यासाठीच्या उसनवारीवर तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबाकडे पाठवले. ही सोय तरुणांना खेळायला मिळावे म्हणूनच आहे आणि ती चांगली आहे, पण वडिलांना ती हकालपट्टी वाटली. त्यांनी एजंटाला नाही, मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता. ‘सोन्सेंग-निम, त्याच्या हातात आहे असे तुम्ही म्हणाला होतात. पोराने काय करायचे बाकी ठेवले, तेवढे सांगा.’ अधिकाऱ्यांचे वाक्य त्यांच्या आठवणीत माझे झाले होते, कारण त्यांना कळलेल्या भाषेत ते मीच बोलले होते. मी त्यांना तेव्हा काहीच नीट सांगू शकले नाही.

दुसऱ्या दुभाष्यांना मी हे विचारले आहे. एकजण म्हणाली की शब्द पोचवले की आपले काम संपले. दुसऱ्याच्या मते ‘क्लब याची हमी देत नाही’ असेच भाषांतर करायला हवे होते. मला दुसरे पटते, पण त्या खोलीत मी पहिलेच केले.

२०२५ च्या अखेरीस कराराच्या बैठकीला मुलगा एकटाच गेला. आता त्याला दुभाषी लागत नाही. त्याने मला फोनवर सांगितले की अधिकाऱ्यांनी तेच वाक्य म्हटले. यावर त्याने विचारले, ‘म्हणजे किती सामने?’ ते काही बोलले नाहीत. त्याच रात्री वडिलांचा फोन आला, या गप्प बसण्याचा अर्थ काय धरायचा? मी या वेळी न थांबता सांगितले, ‘आबोनीम (मुलाच्या वडिलांना आदराने मारायची हाक), नाही असा धरा.’ ते बराच वेळ शांत राहिले आणि मग मायदेशातल्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबाचे पत्र वहीतून काढून मला वाचून दाखवू लागले.